मान न धरणारं बाळ : प्रस्तावना

बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं तरी मान धरत नाही, उचलून घेताना काखेतून निसटेल की काय असं वाटतं, उताणं निजलं की मांड्या बाहेर पडून दोन्ही गुडघे गादीला टेकतात. हे सगळ्यात आधी लक्षात येतं ते आईच्या, नाहीतर रोज पायांवर घेऊन अंघोळ घालणाऱ्या बाईच्या. दहा बाळं हाताखालून गेलेली असली की अकरावं ढिलं आहे हे तिच्या हातांना कळतं. पण तिने ते बोलून दाखवलं की घरातली ठरलेली उत्तरं पुढे येतात. धरेल हळूहळू. मुलगे उशिराच चालतात. याचा बाप तरी कुठे लवकर चालला होता? अशक्तपणा आहे, तेल जिरवा. दवाखान्यातही पुष्कळदा ‘टोन कमी आहे, बघू या’ एवढ्यावर काम भागवलं जातं आणि पुढची भेट लसीच्या तारखेला ठरते. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. स्नायूंचा ढिलेपणा, म्हणजे ज्याला डॉक्टर हायपोटोनिया म्हणतात तो, हा स्वतः आजार नसून आत कुठेतरी काहीतरी बिघडल्याची खूण असते. त्या बिघाडांपैकी काही पूर्ण दुरुस्त होतात, काही थोपवता येतात, आणि दोन्हींत सगळ्यात आधी हातातून जातो तो वेळ. म्हणून ‘थांबू या’ हा सल्ला कारण शोधून झाल्यावर द्यायचा आहे, कारण शोधण्याऐवजी नव्हे.

आधी टोन म्हणजे काय ते पाहू, कारण इथेच पहिला घोटाळा होतो. आपण काहीही करत नसतो तेव्हाही स्नायू पूर्ण सैल पडलेला नसतो. सिग्नलला उभी असलेली रिक्षा जशी जागच्या जागी धडधडत असते, हिरवा दिवा लागला की निघायला तयार, तसा तो असतो. स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक अवयव असतात. स्नायू जरा ताणला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात, आणि तिथून स्नायूला आवळण्याचा हुकूम उलट येतो. चार्ल्स शेरिंग्टन आणि एडवर्ड लिडेल यांनी १९२४ मध्ये हे प्रतिक्षिप्त चक्र नीट मांडून दाखवलं. या चक्रावर वरून मेंदू आणि लहान मेंदू यांचा अंकुश असतो. म्हणजे मेंदू, मज्जारज्जू, तिथून निघणारी नस, नस आणि स्नायू यांचा सांधा, आणि स्वतः स्नायू, यांपैकी कुठेही खोट आली की टोन उतरू शकतो. शक्ती ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ बरंच ढिलं असतं, पण हातपाय बऱ्यापैकी झाडतं; मज्जारज्जूतल्या पेशी झिजत असलेल्या बाळाचा टोनही गेलेला असतो आणि जोरही. ‘अंगात दम नाही’ या एकाच वाक्यात घरचे लोक दोन्ही सांगत असतात. तपासणाऱ्याचं पहिलं काम ते दोन्ही वेगळे करून पाहण्याचं.

ही तपासणी किती साधी आहे हे एकदा बारकाईने पाहण्यासारखं आहे. बाळ जागं, पोट भरलेलं आणि शांत असावं. उताण्या बाळाचे दोन्ही हात मनगटाजवळ धरून त्याला सावकाश बसतं करायचं. चार-पाच महिन्यांचं निरोगी बाळ कोपर वाकवून स्वतःच थोडं वर ओढून घेतं, आणि खांद्यांबरोबर डोकंही उठतं. ढिल्या बाळाचे खांदे वर येतात, हात सरळ ताणलेलेच राहतात आणि डोकं मागे लोंबत राहतं. बसतं झालं की तेच डोकं पुढे छातीवर पडतं. मग पोटाखाली तळवा ठेवून त्याला आडवं उचलायचं. निरोगी बाळ पाठ ताठ करतं, मान किंचित वर घेतं. ढिलं बाळ दोन्ही बाजूंनी हातावरून खाली ओघळतं. काखेत धरून उभं उचललं तर ते हातांतून खाली सरकू लागतं. एक हात छातीवरून समोरच्या खांद्याकडे नेला तर कोपर मधली रेषा ओलांडून सहज पलीकडे जातं. याला ना यंत्र लागतं, ना रक्त. पाच मिनिटं लागतात, आणि तपासणाऱ्याने बाळाला खरंच हातात घ्यावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत आईच्या मांडीवरच्या, टोपडं-स्वेटर घातलेल्या बाळाकडे टेबलापलीकडून पाहून हे कळत नाही. निदानाला उशीर होण्याचं एक मोठं कारण इतकं साधं आहे.

यानंतरचा प्रश्न बिघाड वरचा आहे की खालचा, हा. मेंदूतल्या कारणाने ढिल्या पडलेल्या बाळांत गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, कधी जरा जास्तच. त्यांना फिट्स येऊ शकतात, नजर स्थिर होत नाही, डोक्याचा घेर लहान राहिलेला असतो. जन्माच्या वेळी गुदमरलेलं, उशिरा रडलेलं बाळ सुरुवातीला ढिलं असतं आणि पुढे काही महिन्यांत तेच कडक होऊ लागतं. सेरेब्रल पाल्सीचे पाय अकडण्याआधी हा ढिलेपणाचा काळ पुष्कळदा येऊन गेलेला असतो. बिघाड खालचा, म्हणजे मज्जारज्जूतल्या पेशींचा, नसेचा किंवा स्नायूचा असेल, तर हातोडीला उत्तर मिळत नाही आणि जोरही कमी असतो. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, थोडक्यात एसएमए, झालेलं बाळ मला इथे मुद्दाम समोर उभं करायचं आहे. हातपाय जवळजवळ निपचित, छाती घंटेच्या आकाराची, श्वास घेताना पोट फुगतं आणि छाती आत जाते, जिभेवर बारीक लहरी उठत राहतात. आणि चेहरा? डोळे टक्क उघडे. ते माणूस ओळखतं, हसतं, खुळखुळ्याच्या आवाजाकडे नजर फिरवतं. या मुलांची बुद्धी शाबूत असते. ढिलं बाळ म्हणजे मतिमंद बाळ हा समज घराघरांत आहे, आणि त्या समजापोटी अशा मुलांशी बोलणंही हळूहळू कमी होत जातं. हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय आहे.

एका नावाखाली अनेक आजार कोंबले की काय होतं याचा धडा वैद्यकाने एकदा महागात घेतलेला आहे. ऑस्ट्रियातल्या ग्विडो वेर्डनिग यांनी १८९१ मध्ये दोन भावांची हकीगत लिहिली, जर्मनीतल्या योहान होफमान यांनी १८९३ पासून आणखी काही मुलांची. मज्जारज्जूतल्या पेशी झिजल्याने ही मुलं दगावत होती. आजचा एसएमए तो हाच. पुढे १९०० मध्ये बर्लिनचे हेरमान ओपेनहाइम यांनी जन्मतःच ढिल्या, पण पुढे सुधारू शकणाऱ्या मुलांचं वर्णन केलं आणि त्या अवस्थेला एक लॅटिन नाव दिलं. ते पुढे ‘अमायोटोनिया कंजेनिटा’ म्हणून रूढ झालं. नाव सोयीचं होतं, त्यामुळे पुढची पन्नासेक वर्षं दिसेल त्या ढिल्या बाळावर तीच चिठ्ठी चिकटवली गेली. १९५६ मध्ये इंग्लंडमधले जॉन वॉल्टन यांनी असं निदान झालेल्या १०९ मुलांचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा केला. त्यांतल्या ६७ जणांना प्रत्यक्षात एसएमए होता. आणखी २५ जणांत इतर निरनिराळे आजार निघाले. उरलेल्या १७ मुलांचा ढिलेपणा सौम्य होता, आणि त्या १७ मधली अवघी ८ पूर्ण बरी झाली. ‘हळूहळू सुधारेल’ या आश्वासनाचा इतका सरळ हिशेब क्वचितच कुणी मांडला असेल. व्हिक्टर डुबोविट्झ यांनी १९६९ मध्ये ढिल्या बाळांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, त्याचा रोख तोच होता: आधी हात लावून तपासा, बिघाडाची जागा ठरवा, नाव नंतर द्या. आज आपल्याकडच्या फायलींवर ‘हायपोटोनिया’ किंवा ‘डेव्हलपमेंटल डिले’ असं लिहून निदानाची जागा भरलेली दिसते, तेव्हा ओपेनहाइमचीच चिठ्ठी नव्या शाईत लिहिली जात असते.

आता प्रश्न असा की कारण कळल्याने करता काय येतं? पुष्कळ काही. थायरॉइडचंच घ्या. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ ढिलं असतं, फार झोपतं, कमी रडतं, आवाज घोगरा असतो, जीभ मोठी, बेंबी फुगलेली, कावीळ लांबलेली, शौचाला कडक. घरात त्याचं कौतुक होतं: किती गुणी बाळ आहे, त्रास म्हणून देत नाही. भारतात हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तो ओळखता येतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोजची छोटी गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. सहा महिन्यांनी सुरू झाली तर टोन सुधारतो, पण बुद्धीचं झालेलं नुकसान भरून येत नाही. गोळी तीच, किंमत तीच, परिणाम मात्र दोन वेगळ्या आयुष्यांचे. तरीही ही चाचणी प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचलेली नाही, याचा राग यायला हवा.

दुसरं उदाहरण आपल्या ताटातलं आहे. सहा-सात महिन्यांचं, केवळ अंगावर पिणारं, दिसायला गुटगुटीत बाळ हळूहळू हसायचं थांबतं. बसायला लागलेलं पुन्हा लवंडतं, अंग सोडतं, रंग पांढुरका पडतो, बोटांच्या पेरांवर काळपट डाग येतात, केस विरळ आणि तांबूस होतात, कधी हातापायांना कंप सुटतो. ही बहुतेक वेळा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते, आणि ती बाळात येते आईकडून. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ मध्येच अशा भारतीय बाळांचं वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीत, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ कमी आढळलं. दूध परवडत नाही, मांसाहार नाही किंवा सणावारीच, त्यात उपासतापास. या घरांतल्या आईच्या दुधात बी-१२ येणार कुठून? बाळाला बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली की काही दिवसांत ते मान वळवून पाहू लागतं, काही आठवड्यांत अंग धरू लागतं. इतक्या लवकर उतार पडणारे आजार बालरोगशास्त्रात फार नाहीत. पण हेच बाळ ‘दात येताहेत म्हणून मलूल आहे’ असं म्हणून वर्षभर घरी ठेवलं, तर विकासातली तूट कायमची राहू शकते. ड जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या मुडदुसातही बाळ ढिलं पडतं, त्यावरही उपाय स्वस्त आहे. आणि जाता जाता एक सूचना: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. मधातून जाणाऱ्या एका जिवाणूच्या बीजांमुळे आतड्यात विष तयार होतं, आधी शौच बंद होते, मग पापण्या, चोखणं आणि मान ढिली पडते. कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये हा आजार ओळखला गेला. बाळाच्या जिभेवर अंगठीने मध लावण्याची आपली हौस त्या एका वर्षापुरती आवरलेली बरी.

एसएमएबद्दल महाराष्ट्रात सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक आहे: सोळा कोटींचं इंजेक्शन. २०२१ मध्ये लोकांनी पदरमोड करून बाळांसाठी पैसे उभे केले, आयातशुल्क माफ व्हावं म्हणून पत्रं गेली, शुल्क माफही झालं. त्या माणुसकीबद्दल दुमत नाही. पण त्या काळात मनात रुतून बसलेला आकडा आज घात करतो आहे. ‘सोळा कोटी आपण कुठून आणणार, मग कशाला तपासायचं?’ हा आक्षेप कठोर वाटला तरी प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सुमारे दहा हजार जन्मांमागे एका बाळाला होणाऱ्या या आजाराचा जनुक १९९५ मध्ये पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने शोधला. नंतर तीन औषधं आली: पाठीच्या कण्यात द्यायचं नुसिनर्सेन २०१६ च्या अखेरीस, ज्याला लोक सोळा कोटींचं म्हणतात ती जनुकोपचाराची एकच मात्रा २०१९ मध्ये, आणि तोंडाने घ्यायचं रिसडिप्लॅम २०२० मध्ये. पहिल्या औषधाच्या एका अभ्यासात लक्षणं दिसण्याआधीच, वयाच्या सहा आठवड्यांच्या आत २५ बाळांवर उपचार सुरू केले. २०१९ च्या अहवालापर्यंत ती सगळी जिवंत होती, सगळी आधाराशिवाय बसली आणि २२ जण स्वतःच्या पायांनी चालली. उपचार न झालेलं, आजाराचा तीव्र प्रकार असलेलं बाळ कधीच आधाराशिवाय बसत नाही, आणि दोन वर्षांच्या आत बहुतेकांना मृत्यू किंवा कायमचा व्हेंटिलेटर गाठतो. औषध उशिरा दिलं तर जीव वाचतो, पण झिजून गेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणजे जे औषध मिळेल त्याचं मोल वेळ ठरवते. आणि खर्चाचं चित्रही स्थिर नाही. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक केंद्रांत ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. आयुष्यभर चालणाऱ्या औषधाला ती रक्कम पुरत नाही, हे खरं. पण २०२५ च्या ऑक्टोबरात दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर रिसडिप्लॅमची भारतीय जेनेरिक बाटली बाजारात आली, ती सुमारे सोळा हजारांना. मूळ कंपनीची बाटली सहा लाखांच्या घरात होती. ज्या आई-बापांनी २०२१ चा आकडा ऐकून तपासणी टाळली असेल, त्यांच्या मुलाचं नाव आज कुठल्याही यादीत नाही. जनुकाची चाचणी काही हजार रुपयांत होते. औषध उद्या आवाक्यात आलं तर ते निदान झालेल्या मुलाला मिळेल, न झालेल्याला नाही.

ज्यांच्यावर औषधच नाही अशा आजारांचं नाव कळून काय फायदा, हा याच आक्षेपाचा दुसरा भाग. प्रेडर-विली सिंड्रोमचं बाळ जन्मतः इतकं ढिलं असतं की त्याला चोखता येत नाही, नळीने दूध द्यावं लागतं. तेच मूल दोन-तीन वर्षांनंतर न शमणाऱ्या भुकेने खात सुटतं आणि लठ्ठपणाच त्याच्या जिवावर उठतो. हे आधी माहीत असलेलं घर स्वयंपाकघराला कुलूप लावायला आणि ताट मोजायला वेळेवर शिकतं. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, नाव कळलं की टूडी-इको होतो. स्नायूंच्या काही जन्मजात आजारांत भूल देण्याच्या ठरावीक औषधांनी ताप भडकून जीव जाऊ शकतो. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला हे माहीत असणं म्हणजे मूल घरी परतणं. एसएमएत आई आणि वडील दोघंही वाहक असतात आणि प्रत्येक पुढच्या गरोदरपणी चारात एक इतका धोका असतो. निदान झालेलं असेल तर आजार गर्भावस्थेत तपासता येतो. मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं होणाऱ्या घरांत अशा आजारांचा धोका वाढतो, पण नात्याबाहेरच्या लग्नांतही तो असतोच. याहून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नाव नसतं तेव्हा दोष आईच्या पदरात पडतो. ग्रहणात विळी हातात घेतलीस, सातव्यात प्रवास केलास, पहिलं दूध पाजलं नाहीस. दोघांच्याही जनुकांत असलेली गोष्ट कागदावर येते त्या दिवशी हे बोलणं थांबायला निदान एक आधार तरी मिळतो.

आता ‘थांबा’ म्हणणाऱ्यांची सर्वांत बळकट बाजू. उशिरा चालणारी मुलं खरोखरच असतात, आणि त्यांतली बहुतेक पुढे खो-खोही खेळतात. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीच्या मुलांसह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ साधारण पावणेचार ते सव्वानऊ महिने आणि एकट्याने चालण्याचा सव्वाआठ ते साडेसतरा महिने इतका पसरलेला निघाला. हा पसारा मोठा आहे, आणि शेजारच्या पिंकीशी तुलना करून रडणाऱ्या आईला तो दाखवायलाच हवा. पण या आकड्यांना वरची कड आहे, तिकडे आपण डोळेझाक करतो. शिवाय केवळ उशीर आणि ढिलेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चौदाव्या महिन्यात न चालणारं, पण ताठ बसणारं, जोराने लाथा मारणारं मूल आणि त्याच वयाचं, बसवलं की कमरेत दुमडणारं मूल यांना एकच सल्ला देता येत नाही. आणि जमलेलं कौशल्य हरवणं, म्हणजे बसत होतं ते बसेनासं होणं, हे कुठल्याही वयात थांबण्याचं कारण होऊ शकत नाही. सौम्य ढिलेपणा असतो, वॉल्टन यांच्या पाहणीतही तो होता. पण तो सौम्य होता हे इतर कारणं नाहीत याची खात्री करून घेतल्यावरच म्हणता येतं. मुद्दा प्रत्येक बाळाला एमआरआयच्या बोगद्यात घालण्याचा नाही. हाताने तपासणी, थायरॉइडसाठी एक टीएसएच, रक्तपेशींसाठी एक सीबीसी आणि बी-१२, गरज वाटली तर स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके. याउपर पाऊल कुठे टाकायचं ते हातोडीला मिळालेलं उत्तर सांगतं.

घाबरवून काय मिळणार, असंही विचारलं जातं. मला हा प्रश्न उलटा दिसतो. घाबरलेली आई आधीच दारात उभी असते. ‘काही नाही हो’ म्हणून तिची भीती जात नाही, ती एकटी पडते आणि मग मांत्रिकापासून महागड्या ‘ब्रेन टॉनिक’पर्यंत सगळीकडे फिरते. तिला तपासून, कारण सांगून धीर दिला तर तो टिकतो. मालिशबद्दलही इथेच बोलतो. प्रेमाने केलेल्या मालिशीने बाळाला बरं वाटतं, त्याला विरोध नाही. पण मालिशीने टोन येत नाही, आणि ढिल्या सांध्यांना ओढून ‘मोकळं’ करण्याच्या जोरकस पद्धतींनी दुखापत होऊ शकते. अशा बाळाला बसायला कसं टेकू द्यायचं, पालथं किती वेळ ठेवायचं, घास श्वासनलिकेत न जाता कसा भरवायचा, हे बालकांच्या फिजिओथेरपिस्टकडून शिकण्याचे विषय आहेत. पुढची प्रकरणं प्रामुख्याने त्यासाठी आहेत.

मला सर्वाधिक खंत आहे ती यंत्रणेबाबत, कारण ढिलेपणाला गंभीरपणे घ्यायला आपला देश शिकलेला आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की ती बातमी सरकारपर्यंत गेलीच पाहिजे, अशी व्यवस्था पोलिओसाठी १९९७ पासून उभी आहे. ४८ तासांच्या आत चौकशी, १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, तेही किमान एका दिवसाच्या अंतराने, थंड साखळीतून प्रयोगशाळेत. दर लाख मुलांमागे किमान दोन अशा नोंदी सापडल्याच पाहिजेत, नाहीतर शोधच नीट होत नाही असं मानलं जातं. या चिकाटीने १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या मूळ विषाणूचा रुग्ण सापडला नाही. दुसरं उदाहरण घरचं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि त्याचे परिणाम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आज देशभरच्या आशाताई बेचाळीस दिवसांत जे घरभेटींचे फॉर्म भरतात त्यांचं मूळ तिथे आहे. त्या फॉर्मवर एक प्रश्न आहे: सगळे हातपाय लुळे आहेत का? तिथे तो जंतुसंसर्गाचा धोका ओळखण्यासाठी आहे. म्हणजे ढिलं बाळ ओळखणारी नजर गावात आहे, फॉर्म आहे, पाय आहेत. तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत पाच घरभेटींची योजनाही २०१८ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर २०१३ मध्ये पालघरलाच झाली. त्याच्या तपासणीच्या यादीत हालचालींचा उशीर नावानिशी आहे आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे डीईआयसी. मग अडतं कुठे? अचानक पडलेला पाय ही बातमी होते, हळूहळू न उठलेली मान होत नाही. पहिल्यासाठी तारखा ठरलेल्या आहेत, दुसरीसाठी कुणीच तारीख ठरवलेली नाही. कामाचा भार आशाताईंवर आधीच फार आहे, हा आक्षेप मी मान्य करतो. त्यांना मोबदला वाढवून द्यायला हवा. पण तिसऱ्या-सहाव्या महिन्याच्या भेटीला बाळाचे हात धरून एकदा बसतं करून पाहणं आणि डोकं मागे राहिलं तर त्याच आठवड्यात चिठ्ठी देणं, एवढी भर पेलण्याजोगी आहे.

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यांतले काही जण असं बाळ मांडीवर घेऊन वाचत असतील. त्यांना माझी विनंती आहे. चार महिने पूर्ण झाले आणि बसतं करताना डोकं मागेच राहत असेल, बाळ चोखताना दमत असेल, किंवा येत असलेली एखादी गोष्ट करेनासं झालं असेल, तर लसीच्या तारखेची वाट पाहू नका. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या, बाळ कसं ढिलं पडतं याचा मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, आणि बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत जा. बाळाचे कपडे उतरवून तपासा असं स्पष्ट म्हणा. तपासून झाल्यावर त्यांनी थांबायला सांगितलं, तर दोन गोष्टी कार्डावर लिहून मागा: कोणती कारणं नाहीत असं त्यांना वाटतं, आणि पुन्हा कोणत्या तारखेला यायचं.